बदकांचा पहिला नंबर

आधीच सांगते, चूक माझी होती. पण सगळी माझी नव्हती, आणि उरलेली कुणाची ते तुम्हीच ठरवा. मला राग लवकर येतो असं आमच्या घरात सगळे म्हणतात. साफ खोटं आहे. राग मला येत नाही, तो असतोच. लोकच त्याला अधूनमधून हाक मारतात.

माझा धाकटा भाऊ मोठा सिनेदिग्दर्शक आहे. म्हणजे जग त्याला मोठा म्हणतं. त्याच्या नावाआधी 'दिग्गज' लावल्याशिवाय कुणाचं वाक्य सुरू होत नाही. घरात त्याचं नाव ढब्या. तो माझ्याहून पाच वर्षांनी लहान. त्याला शाळेत सोडायला मी, त्याचं नाक पुसायला मी, आणि पुढे सिनेमाच्या धंद्यात हाताला धरून आणायलाही मीच. मी तेव्हा स्टुडिओत फिल्म कापायचे. पडद्यावर आम्हाला संकलक म्हणतात, आपापसांत आम्ही कातरवाले. ढब्याने बारा सिनेमे काढले आणि बाराही मी कापले. त्यांत जे जे लांबलचक, रडवेलं आणि उगाच शहाणपणाचं होतं ते माझ्या खोलीतल्या फरशीवर पडलं, म्हणून हा दिग्गज झाला. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही. आता तुम्हाला सांगितलं तेवढंच.

आणि मी स्वतः एक सिनेमा काढला होता. एकच. अडतीस वर्षं झाली त्याला.

टेलिफोन एक्स्चेंजमधली एक बाई असते. तीस वर्षं ती परक्यांचे फोन परक्यांना जोडून देते. निवृत्तीच्या दिवशी शेवटचा फोन ती स्वतःच्याच घरी लावते, आणि घरी कुणी नसतं. पडद्यावर रिकामी खोली, आणि घंटी वाजत राहते. चाळीस सेकंद. संपला सिनेमा. थिएटरात तो आठवडाभर चालला, म्हणजे चालला कसला, रांगला. पहिल्या खेळाला ढब्या माझ्या शेजारी बसला होता. शेवटची घंटी वाजायला लागली आणि हा उठला. लोकांच्या गुडघ्यांना धडकत, सॉरी सॉरी म्हणत बाहेर निघून गेला. दिवे लागले तेव्हा शेजारच्या खुर्चीत त्याची घडी घातलेली छत्री तेवढी होती.

त्या दिवसापासून त्या सिनेमाबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. बरा नाही, वाईट नाही, काही नाही. मीही विचारलं नाही. मी का विचारू? तोंड त्यालाही दिलंय. पण खरं सांगायचं तर अडतीस वर्षं मला एवढंच हवं होतं. ढब्याला माझा सिनेमा कसा वाटला? बाकी जगाने काय म्हटलं ते मी केव्हाच केराच्या टोपलीत टाकलं होतं.

आता यादीची गोष्ट. सिनेमाचं एक जुनं मासिक आहे. दर दहा वर्षांनी ते नामांकित दिग्दर्शकांना विचारतं: तुमच्या आवडीचे दहा सिनेमे सांगा, क्रमाने. स्वतःचा सांगायचा नाही. सगळ्यांच्या याद्या छापून येतात, आणि मग लोक वर्षभर एकमेकांची उणीदुणी काढतात. ढब्याला तीनदा विचारून झालं होतं. पहिल्या यादीत माझा सिनेमा नव्हता. म्हटलं, अजून कोवळा आहे, लाजत असेल. दुसऱ्या यादीत नव्हता. म्हटलं, विसरला असेल. तिसऱ्या यादीतही नव्हता तेव्हा मी तीन आठवडे त्याच्याशी अबोला धरला. त्याला तो कळलाच नाही, कारण तो शूटिंगला गेला होता.

या याद्या टाइप करून पाठवायचं काम माझं. कारण ढब्याचं अक्षर. डॉक्टरसुद्धा त्याच्या अक्षराला नावं ठेवतात. आणि हा लिहितो कशावर, तर फिल्मच्या डब्यांवर लावायच्या आमच्या जुन्या चिठ्ठ्यांवर. स्टुडिओ बंद पडला तेव्हा लोकांनी खुर्च्या नेल्या, पंखे नेले. याने चिठ्ठ्यांचा गठ्ठा नेला.

त्या चिठ्ठ्यांचंही एक शास्त्र होतं. फिल्मची रीळ यंत्रातून निघाली की तिचा शेवट बाहेर राहतो आणि सुरुवात आत जाते. आम्ही म्हणायचो, शेपूट बाहेर. पुन्हा बघायची तर आधी ती उलटी गुंडाळायची. डब्यावरच्या चिठ्ठीत दृश्यं हाताला लागतील त्या क्रमाने लिहायची, म्हणजे शेपूट बाहेर असेल तर शेवटचं दृश्य सगळ्यात वर आणि पहिलं सगळ्यात खाली. घोटाळा नको म्हणून मी एक खूण काढली होती. कोपऱ्यात लाल पेन्सिलीने वर जाणारा बाण. बाण दिसला की चिठ्ठी खालून वर वाचायची. कुणी विसरला की मी लाकडी पट्टीने त्याच्या बोटांवर एक द्यायचे, मग तो कामगार असो की दिग्गज.

तर यंदा ढब्या सकाळीच माझ्याकडे आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, मोतीबिंदूचं, आणि आठवड्याने दुसऱ्या डोळ्याचं. तो बसला नाही. चहा नको म्हणाला. हे म्हणजे मांजराने दूध नको म्हणावं तसं झालं.

"ताई, ही यादी. शुक्रवारच्या आत टाइप करून पाठव," म्हणाला. चिठ्ठीची चार वेळा घडी घातली होती.

"पाठवते. उशीर झाला तर मासिकवाल्या बाई माझं डोकं खातील."

"आणि हे बघ, वाचून लगेच फोन करू नकोस. डोळ्यांचं होऊ दे. मग बोलू."

"असं काय लिहिलंयस?"

"बोलू गं मग," म्हणाला आणि जिन्यावरून खाली गेला. खालच्या दोन पायऱ्या त्याला दिसल्या नाहीत, त्याबद्दल त्याने पायऱ्यांना शिवी दिली.

मी चष्मा पुसला, चिठ्ठी उलगडली आणि वरून वाचायला लागले.

सगळ्यात वर बदकं! तुम्हाला माहीत नसेल, आणि नसलं तर भाग्य समजा. लहान मुलांचा सिनेमा आहे. पाच बदकं चुकून एका बँकेत शिरतात आणि मॅनेजरच्या खुर्चीत अंडं घालतात. ढब्याच्या नातीला, आमच्या चिमणीला, तो इतका आवडतो की तिने आजोबांकडून वचन घेतलं होतं: तुमच्या यादीत माझी बदकं हवीत म्हणजे हवीत. ठीक आहे, हवीत. पण पहिली? माणूस आजोबा झाला की त्याची अक्कल कुठे जाते हे कुणीतरी शोधून काढलं पाहिजे.

दुसऱ्यावर एक मारामारीचा सिनेमा, जो आम्ही तरुणपणी शिट्ट्या मारत बघितला होता. तिसऱ्यावर चोराच्या कुत्र्याचा. मग खाली खाली येताना थोर सिनेमे, ज्यांचं नाव निघालं की ढब्या कानाला हात लावतो. धरणावरच्या चौकीदाराचा आठवा! तो विहीर खणणाऱ्या भावांचा, जो बघून ढब्या दोन दिवस जेवला नव्हता, तो नववा! मी मनात म्हटलं, मोतीबिंदू डोळ्यांत नाही, मेंदूत झालाय.

आणि सगळ्यात खाली, दहावा, माझा.

पहिला क्षणभर मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठले. ढब्याने माझं नाव लिहिलं होतं. चाळीस वर्षांनी का होईना... बरं, अडतीस. मग मी पुन्हा बसले आणि वरून खाली मोजलं. बदकांच्या खाली नऊ पायऱ्या. चोराच्या कुत्र्याच्याही खाली. म्हणजे नऊ जागा भरल्या, एक उरली, आणि म्हाताऱ्या बहिणीला काहीतरी द्यायला हवं. पंगत उठल्यावर दारात उभ्या असलेल्याला देतात तसं. आणि वर 'फोन करू नकोस'! का, तर मी आभार मानीन आणि त्याला अवघड वाटेल म्हणून!

माझ्या कानशिलात रक्त चढलं. मी म्हटलं, ढब्या, मला दहावा नंबर नको. मी भिकारीण नाही. कापणं हा माझा धंदा आहे, आणि नको ते कापायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

मी पहिली नऊ नावं जशीच्या तशी टाइप केली. दहाव्या जागी माझं नाव टाकलं नाही. तिथे टोपीवाल्यांचा सिनेमा टाकला.

टोपीवाले म्हणजे दुसरे दिग्गज. आंघोळीलासुद्धा टोपी काढत नसावेत. बावीस वर्षांपूर्वी एका समारंभात त्यांना ढब्याच्या सिनेमाबद्दल विचारलं, तर हे म्हणाले, "मध्यंतर फार छान होतं." त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. ढब्याच्या यादीत त्यांचा सिनेमा म्हणजे घरात साप सोडणंच झालं. मी बटण दाबलं, यादी गेली, आणि मी मस्तपैकी चहा करून प्याले. त्या दिवशी मला झोपही छान लागली, लाज वाटायला हवी होती पण वाटली नाही.

ढब्याची दोन्ही ऑपरेशनं झाली. डॉक्टरांनी तीन आठवडे वाचायची बंदी घातली. आणि तेवढ्यात मासिक बाहेर पडलं.

काय सांगू! 'दिग्गजांच्या मते सर्वश्रेष्ठ: बदकं.' पहिल्या पानावर बदकाचा फोटो. दोन दिवस लोक हसले. तिसऱ्या दिवशी हसायचे थांबले, कारण इतका मोठा माणूस उगाच म्हणणार नाही, काहीतरी असेल. चौथ्या दिवशी एका समीक्षकाने चार पानी लेख लिहिला. पाच बदकं म्हणजे पाच इंद्रियं, बँक म्हणजे देह, आणि अंडं म्हणजे मुक्ती. फिल्म क्लबात खास खेळ लावला. चाळीस दाढीवाले काळोखात बसून बदकं बघत होते आणि एकही हसला नाही, असं मला मासिकवाल्या बाईंनीच फोनवर सांगितलं. बाई खूश होत्या. म्हणाल्या, "एवढा खप दहा वर्षांत झाला नव्हता."

मी म्हटलं, "अभिनंदन," आणि फोन ठेवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण लक्षण अजून पुरतं दिसायचं होतं.

गंमत म्हणजे ढब्याला यातलं काही कळत नव्हतं. डोळ्यांवर काळा चष्मा लावून तो घरी बसलेला. लोक फोन करून 'बदकं! काय विचार केलात!' म्हणायचे, आणि याला वाटायचं, दहाव्या नंबराचं एवढं कौतुक. टोपीवाल्यांकडून फुलांचा मोठा गुच्छ आला, याला वाटलं डोळ्यांसाठी. गुच्छात चिठ्ठी होती, ती वाचायला बंदी. बदकांच्या सिनेमाचा दिग्दर्शक हयात होता, ब्याऐंशी वर्षांचा, कुठल्या तरी लहान गावात मुलीकडे राहणारा. त्याचा फोन आला. पाच मिनिटं तो नुसता रडला.

ढब्या मला फोनवर म्हणाला, "ताई, एका खालच्या नंबरासाठी माणूस इतका रडतो. आपण किती मग्रूर आहोत गं."

अळीमिळी गुपचिळी. पहिल्यांदाच मला वाटायला लागलं की हा 'खालचा नंबर' म्हणतोय तो बदकांनाच. पण वाटलं ते मी झटकून टाकलं. एकदा राग धरला की मी तो असा तसा सोडत नाही.

बंदी उठली त्या दिवशी दुपारी ढब्या आला. काखेत मासिक, हातात काठी, डोळ्यांवर चष्मा नाही. दारातच म्हणाला, "ताई, तुझ्या भिंतीला केवढी ओल आलीय! आणि तू इतकी म्हातारी कधी झालीस?"

"मासिक आणलंयस ते बोल," मी म्हटलं. टोपीवाल्यांवरून भांडायची मी पूर्ण तयारी करून बसले होते. मुद्दे काढले होते.

त्याने पान उघडून टेबलावर ठेवलं. पण बोट ठेवलं ते वर. "बदकं इथे कशी आली?"

"तूच लिहिलीस वर."

"वर म्हणजे शेवट! चिठ्ठी कुठाय माझी?"

मी काही टाकत नाही. चिठ्ठी खणात होती. काढून दिली. त्याने ती उलगडून माझ्या नाकासमोर धरली आणि कोपऱ्यावर नख ठेवलं. "हे काय आहे?"

मी चष्मा लावला. लाल पेन्सिलीची रेघ. वर जाणारी.

"मला वाटलं, पेन्सिल चालते का ते बघितलंस."

"पेन्सिल बघणारा माणूस रेघेला टोक काढतो का, ताई?"

टोक होतं. बाण होता. माझा बाण. तीस वर्षं मी लोकांच्या बोटांवर पट्टी मारली त्या बाणासाठी, आणि चिठ्ठी हातात आली तेव्हा मी ती किराण्याच्या यादीसारखी वरून खाली वाचली. कारण माझं अर्धं लक्ष यादीत होतं आणि अर्धं माझं नाव शोधण्यात.

"बदकं दहावी," ढब्या म्हणाला. "चिमणीला वचन दिलं होतं म्हणून. कुत्रा आठवा. विहीर दुसरी." मग त्याचं बोट छापील यादीत खाली गेलं आणि तिथेच थांबलं. "हा टोपडा इथे काय करतोय? आणि तुझा कुठाय?"

"कापला," मी म्हटलं.

"कापला?"

"मला वाटलं दहावा दिलास. दयेचा."

त्याने माझ्याकडे बघितलं. नव्या डोळ्यांनी. मग खुर्ची ओढून बसला. "ताई, मी तुला पहिला दिला होता."

मीही बसले. आम्ही दोघं बदकाच्या फोटोकडे बघत होतो. अडतीस वर्षं ज्याची वाट बघितली ते माझ्या दारात येऊन उभं राहिलं होतं, आणि मी स्वतःच्या हाताने त्याच्या तोंडावर दार लावलं होतं. वर चहा प्याले होते.

"मग उठून का गेलास?" मी विचारलं. अखेर विचारलं.

"कुठून?"

"सोंग घेऊ नकोस. पहिल्या खेळाला. घंटी वाजत होती आणि तू उठलास."

ढब्याने चष्मा पुसायला हात वर नेला. चष्मा नव्हता. हात परत खाली आला. "जळलो," म्हणाला.

"काय?"

"जळलो गं. मी तेव्हा नुकताच एक सिनेमा काढला होता. तुला आठवतोय, त्यात दहा मिनिटं नुसता समुद्र होता."

"सात. तीन मी कापली."

"तेच. आणि तू एक रिकामी खोली दाखवलीस, नुसती चाळीस सेकंद. मला कळलं की आपल्या घरात दिग्दर्शक एकच आहे, आणि तो मी नाही. बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. बाहेरही ऐकू येत होती ती घंटी."

"आणि आठव्या दिवशी नवीन स्क्रिप्ट काखेत मारून माझ्याकडे आलास."

"हो."

"मला वाटलं, सिनेमा पडला म्हणून माझी समजूत काढायला आलास."

त्याने मासिक मिटून बाजूला सरकवलं. "तू दुसरा सुरू करशील म्हणून आलो. तुझ्याएवढं चांगलं कापणारं कुणी नव्हतं, ते खरंच. पण तू रिकामी राहिलीस तर दुसरा काढशील, तेही खरं होतं. म्हणून एक संपला की मी पुढचा घेऊन यायचो. आता माझे संपले. मला आणखी काढायचा नाही. डोळे जातील की काय अशी भीती वाटत होती, तेव्हा म्हटलं, निदान लिहून तरी ठेवू."

मी उठले. टेबलावरची लाकडी पट्टी माझ्या हातात कधी आली मला कळलं नाही. "चालता हो," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता. दिग्गज म्हणे! अकरा सिनेमे! माझी अडतीस वर्षं तू माझ्याच कात्रीने कापलीस आणि मी तुला चहा करून घातला!"

तो गेला. मी दार आपटलं आणि दाराला पाठ लावून रडले. रागाने नाही रडले. खरं तर एक फार लाजिरवाणी गोष्ट होती, ती मला त्याच्यासमोर दिसू द्यायची नव्हती. मला आनंद झाला होता. मेल्याने मला इतकं घाबरावं इतका चांगला होता माझा सिनेमा! राग आणि आनंद दोन्ही एकदम आले की माणसाने करायचं काय, हे मला बहात्तर वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

दहा मिनिटांनी दार उघडलं. ढब्या तिसऱ्या पायरीवर बसला होता, गुडघा चोळत.

"गेला नाहीस?"

"काठी आत राहिली."

"घे की मग."

"तू पट्टी खाली ठेव आधी."

मी पट्टी ठेवली. "आत ये. आणि खाटेखालचे डबे बाहेर काढ. वाकता येत नसेल तर झोप आणि काढ."

माझ्या सिनेमाची एकच प्रत उरली होती. नऊ डबे, माझ्या खाटेखाली. अडतीस वर्षांत उघडले नव्हते. प्रत्येक डब्यावर माझी चिठ्ठी, आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यात बाण. शेवटच्या खेळानंतर जशा आल्या तशा रिळा पडून होत्या, शेपूट बाहेर. झाकणं उघडली तर आंबट वास आला. जुन्या फिल्मला येतो तो वास, ती मरायला लागल्याची खूण. पण अजून मेली नव्हती. मागच्या खोलीत आमचं जुनं कापायचं टेबल आहे, त्यावर पुस्तकाएवढा पडदा आहे. ढब्याने हँडल फिरवून नऊच्या नऊ रिळा उलट्या गुंडाळल्या. चौथ्या डब्याला म्हणाला, हात दुखतो. मी म्हटलं, अकरा सिनेमे माझा दुखला.

मग बघितला. दोघांनी, एका स्टुलावर अर्धे अर्धे बसून.

तिसरी रीळ लांब होती. मी त्याला तसं सांगितलं. सहाव्या रिळेत एक बाई उगाच खिडकीत उभी राहते, ती मी आता ठेवली नसती. पण बाकी, काय सांगू, बरा होता! माझी टेलिफोनवाली शेवटचा फोन लावायला बसली तेव्हा मी पडद्याकडे नाही, ढब्याकडे बघत होते. घंटी सुरू झाली. तो उठला नाही. नवे डोळे गळत होते, डॉक्टरांनी रडायला बंदी घातली होती की नाही कोण जाणे. चाळीस सेकंद तो बसून राहिला.

"बत्तीस पुरे होते," मी म्हटलं.

"एका फ्रेमला हात लावायचा नाही!" ढब्या ओरडला.

"कितवा नंबर द्यावा? मी सातवा देईन. फार तर सहावा."

"यादी माझी आहे." त्याने फोन उचलला. "त्या बाईंना सांगतो, चूक झाली. पुढच्या अंकात दुरुस्ती छापा. बदकं खाली, तू वर."

मी फोनवर हात ठेवला. "त्या म्हाताऱ्याचं काय? तो रडला ना पाच मिनिटं? आता त्याला कळवणार, बाबा रे, तू पहिला नाहीस, नातीच्या हट्टापायी दहावा आहेस?"

ढब्याने फोन खाली ठेवला.

"आणि टोपीवाल्यांच्या फुलांतली चिठ्ठी वाचलीस का?"

"सकाळीच वाचली. 'मध्यंतराबद्दल माफी.' एवढंच." तो नाक ओढत हसला. "बावीस वर्षांनी! आणि मी त्याला यादीत घेतलेलाच नाही."

"राहू दे आहे तसं. बदकं पहिली तर बदकं पहिली."

"मग तुझं काय? तुझं नाव कुठेच राहत नाही ताई."

"मला नंबर नको होता रे ढब्या. मला ऐकायचं होतं. ते ऐकलं." मी चष्मा काढून पुसला. माझा अजून आहे. "आता मला दुसरा काढायचाय."

"दुसरा काय?"

"सिनेमा. सुचलेला आहे. तीस वर्षं सुचलेला आहे, पण दर वेळी दारात तू उभा असायचास. आणि तो कापायला तू बसायचंस."

"मी? मला कापता कुठे येतं?"

"ते माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? शिकवते. तुला नाक पुसायला शिकवलं तसं." मी डब्यांवरच्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या काढल्या आणि त्याच्या हातात माझ्याकडे उरलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या आणि लाल पेन्सिल दिली. बघून झालेल्या रिळांची शेपटं पुन्हा बाहेर आली होती. "आधी हे नऊ डबे भर. प्रत्येकावर बाण काढ. टोकासकट."

तो कुरकुरला, गुडघ्याबद्दल बोलला, हाताबद्दल बोलला. मग खाली मान घालून बाण काढायला बसला. पट्टी मी जवळच ठेवली होती.

मासिकाची पुढची यादी दहा वर्षांनी आहे. तेव्हा मी ब्याऐंशीची असेन. बदकवाले आत्ता आहेत तेवढीच.